थंड पाण्यात बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायला जर्कबेट (झटके देऊन चालवायचं माशासारखं कृत्रिम आमिष) कोणतं घ्यावं आणि कसं चालवावं?

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या टेबल रॉकसारख्या नितळ तळ्यावर मार्चच्या सुरुवातीला जात असाल, तर सस्पेंडिंग जर्कबेटच घ्या: थांबवलं की वरही येत नाही, बुडतही नाही, आहे तिथेच राहतं. पाणी ५ ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना बास सुस्त असतो, पाठलाग फारसा करत नाही. समोर अर्धमेला शॅड (बासचं खाद्य असलेला छोटा मासा) लटकल्यासारखा दिसला तरच तोंड घालतो. म्हणून दोन झटके द्या आणि दहा सेकंद थांबा, कडाक्याच्या थंडीत वीससुद्धा. मासा बहुतेक वेळा या थांब्यातच लागतो, तेव्हा घाई अजिबात नको.

रॉडचं टोक पाण्याकडे ठेवा. झटका दिला की टोक लगेच पुढे न्या, दोरी सैल पडलीच पाहिजे. ताणलेल्या दोरीवर आमिष नुसतं सरळ ओढलं जातं, सैल दोरीवर ते डावी-उजवीकडे मस्त वळतं.

दोरी ८ ते १२ पौंड ताण सोसणारी, फ्लुरोकार्बनची (पाण्यात कमी दिसणाऱ्या प्लास्टिकची). बारीक दोरीवर आमिष जास्त खोल जातं. मेगाबास कंपनीचं व्हिजन ११० हे जर्कबेट सुंदरच आहे, पण महाग. स्मिथविक कंपनीचं ‘सस्पेंडिंग रोग’ (Rogue) बरंच स्वस्त पडतं. गार पाण्यात आमिष हळूहळू वर येत असेल, तर पोटाला शिशाची छोटी चिकट टिकली लावा.