रोखणारी हार्मोन्स मागे ठेवू नकोस

फिजिऑलॉजी नुकतीच सुरू केली आहेस, म्हणून सांगतो. रोखणारी हार्मोन्स, म्हणजे दुसऱ्या हार्मोन्सचा स्राव अडवणारी, पुस्तकात दोन ओळींत उरकलेली असतात, पण तू त्यांना नीट वेळ दे.

आधी सोमॅटोस्टॅटिन घे. 1973 साली अमेरिकेत रॉजर गिलेमिन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ग्रोथ हार्मोनला चालना देणारा घटक शोधत होते आणि हाती लागला नेमका त्याला अडवणारा! 14 अमिनो आम्लांची ही छोटी साखळी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून त्याच्याखाली देठाने लटकलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडे जाते आणि ग्रोथ हार्मोनचा स्राव कमी करते. पण तिथेच थांबू नकोस. स्वादुपिंडातल्या डेल्टा पेशीही तीच बनवतात आणि तिथे ती इन्सुलिन, ग्लुकागॉन दोघांनाही आवरते. जठरात गॅस्ट्रिन (आम्ल वाढवणारं हार्मोन) आणि आम्ल घटवते. रक्तात ती काही मिनिटांतच मोडते, म्हणून अ‍ॅक्रोमेगलीत (ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याने होणारा आजार) तिच्यासारखंच पण जास्त टिकणारं औषध, ऑक्ट्रिओटाइड, वापरतात. (तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न.)

मग प्रोलॅक्टिन, स्तनात दूध तयार करायला लावणारं पिट्यूटरीचं हार्मोन, माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग. त्याच्यावर हायपोथॅलॅमसमधून देठावाटे येणाऱ्या डोपामिनचा लगाम कायम असतो. पिट्यूटरीचा देठ तुटला तर तिच्या पुढच्या भागातली बाकीची हार्मोन्स घटतात, प्रोलॅक्टिन मात्र वाढतं. मेटोक्लोप्रमाइड डोपामिनला अडवतं. उलटीवरच्या या गोळीने स्तनातून दूध का येऊ शकतं, ते आता स्वतःच कागदावर मांडून बघ.

कॉर्टिसॉलचा निगेटिव्ह फीडबॅक (हार्मोन वाढलं की त्याने स्वतःच्याच निर्मितीला आवर घालणं) यात मिसळू नकोस. तो नंतर वाच.