शेवटच्या दोन मॅचमध्ये शून्य, मग बेस्ट प्लेयर कसा?

प्रश्न: नमस्कार सर, आईस हॉकी नव्यानेच बघायला लागलोय. एनएचएल लीगच्या २०२४ च्या स्टॅनली कप फायनलच्या, एडमंटन विरुद्ध फ्लोरिडा, सातही मॅचेस परत बघितल्या. एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने सहाव्या-सातव्या मॅचमध्ये ना गोल केला ना असिस्ट (गोलआधीचा पास), टीम फायनल पण हरली, तरी बेस्ट प्लेयरची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच! नुसत्या नावावर दिली ना?

उत्तर: नाही हो. ती ट्रॉफी फायनलची नसतेच, प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, चारही राउंडची असते, आणि त्याचे २५ मॅचमध्ये ४२ पॉइंट होते (गोल किंवा असिस्ट, प्रत्येकी एक), त्यातले ३४ असिस्ट, म्हणजे दिग्गज वेन ग्रेट्झकीचा १९८८ चा, एका प्लेऑफमधल्या ३१ असिस्टचा रेकॉर्ड मोडला. गोलकीपर सोडला तर हरलेल्या टीमच्या खेळाडूला ती याआधी मिळाली होती १९७६ मध्ये, रेगी लीचला. म्हणजे खैरात वाटली असं काही नाही.

पण फक्त फायनलपुरतं बोलायचं तर तुमच्या शंकेत दम आहे. सात मॅच, ११ पॉइंट, ऐकायला भारीच, पण त्यातले ८ एकट्या चौथ्या आणि पाचव्या मॅचचे, आणि तोपर्यंत फ्लोरिडा तीन मॅच जिंकून ३-० ने पुढे गेली होती! मला विचाराल तर नावं ठेवायचीच असतील तर त्या पहिल्या तीन मॅचला ठेवा, सहाव्या मॅचला कशाला, ती तर एडमंटनने ५-१ ने जिंकली, आणि समोरचे सगळे एकाच्या मागे लागले की बाकीच्यांना जागा मिळते ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

पॉइंटची गंमत बघा. पाचव्या मॅचमधला त्याचा दुसरा गोल रिकाम्या नेटमध्ये गेला, तो एक पॉइंट. त्याच मॅचमध्ये डिफेन्डर्सच्या मधून घुसून त्याने टीममधल्या कोरी पेरीला जो पास दिला, तोही एकच पॉइंट. तो पास मी अजून बघतो, उगाचच.

सातवी मॅच मात्र सरळ फ्लोरिडाच्या बारकोवच्या खात्यात टाका. सेल्की ट्रॉफी, म्हणजे डिफेन्स सांभाळणाऱ्या फॉरवर्डची, त्या वर्षी त्याचीच होती, आणि मॅच फ्लोरिडाच्या घरी. यजमान कोचला शेवटचा बदल करता येतो, म्हणजे मॅकडेव्हिड बर्फावर उतरला की बघून बारकोवला सोडायचं. एडमंटन २-१ ने हरली.

पुढच्या वेळी पकवर (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) डोळे न ठेवता एकाच फॉरवर्डकडे बघत बसा. पक स्वतः घेऊन समोरच्यांच्या झोनमध्ये शिरतोय की नुसता आत ढकलून त्याच्या मागे पळतोय, शॉट नेटसमोरून मारतोय की कडेच्या भिंतीजवळून, आणि पॉवर प्ले (समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतो ती वेळ) सोडून पाच विरुद्ध पाचमध्ये काय करतोय. चान्स तयार होतायत आणि गोलकीपर अडवतोय, तर तो खेळाडू चांगलाच खेळतोय. चान्सच नाहीत, तर तो बंद पडलाय, मग नाव कितीही मोठं असो.

प्रश्न: मग प्लस-मायनस बघितलं तर चालेल का?

उत्तर: सात मॅचपुरतं नको. खेळाडू बर्फावर असताना आपला गोल झाला तर त्याला प्लस, समोरच्यांचा झाला तर मायनस, एवढंच ते. पॉवर प्लेवर केलेले गोल त्यात धरतच नाहीत, आणि शेवटी आपला गोलकीपर काढून जास्तीचा खेळाडू उतरवला आणि रिकाम्या नेटमध्ये गोल बसला तर बर्फावरच्या सगळ्यांना मायनस. अशा वेळी बर्फावर असतो कोण, तर टीमचा सगळ्यात चांगला फॉरवर्डच ना!