फ्रेंच घ्या, पण मार्कांसाठी नको

प्रश्न : मुलगी यंदा आठवीत गेली. शाळेत संस्कृत किंवा फ्रेंच निवडायचं आहे. ह्यांचं म्हणणं, संस्कृत स्कोअरिंग आहे. सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात, फ्रेंच घे, पुढे कॅनडाला उपयोगी पडेल. मुलीला स्वतःला फ्रेंच हवंय. पण घरात कुणालाच येत नाही, अभ्यास कोण घेणार? – एक आई, ऐरोली

ताई,

तिला फ्रेंच हवंय, हेच मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मार्कांचं म्हणाल तर मन लावून अभ्यास केला की दोन्ही विषयांत मिळतात. संस्कृत सुंदर आहे, पण ते आवडतं म्हणून घ्यावं.

कॅनडाच्या स्थलांतरात फ्रेंचला जादा गुण मिळतात, हे खरं. पण त्यासाठी टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची कॅनडासाठीची आवृत्ती द्यावी लागते; दहावीची मार्कशीट चालत नाही. आणि असे नियम बदलत राहतात. तेरा वर्षांच्या मुलीचा विषय त्यावर ठरवू नका.

मराठी मुलांना फ्रेंच लवकर आपलीशी वाटते, हे मात्र मी वर्षानुवर्षं पाहतोय. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’, म्हणजे थेट आपलं तू आणि तुम्ही. ‘व्हू’ आदराला चालतं आणि अनेकांनाही. मोठा-मोठी तसं ‘ग्राँ’-‘ग्राँद’. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो, आणि आपल्या आज्या विसांनीच मोजायच्या! एका मुलीला हे सांगितलं तर ती तिथेच बोटांवर ‘चार वीस दहा’ म्हणजे नव्वद मोजायला लागली.

उपयोग लांब शोधायला नको. तुमच्या ऐरोलीत कॅपजेमिनी आहे, ती मुळात फ्रेंच कंपनी. न्हावा-शेवाच्या वाटेवर ट्रेलरवर सीएमए सीजीएमचे कंटेनर दिसतात, त्या जहाज कंपनीचं मुख्यालय फ्रान्समधल्या मार्सेयला. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा आराखडा फ्रेंच. इंजिनीअरिंग, शिपिंग, कॉमर्स, हॉटेल, काहीही केलं तरी भाषा सोबत राहते. नुसत्या भाषेवर नोकरी हवी असेल तर भाषांतर किंवा शिकवणं आहे. त्यासाठी मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिन्याला आहे.

आता माझी खरी काळजी. दहावीला फ्रेंचमध्ये नव्वदच्या वर मार्क आणि बारावीनंतर स्वतःची ओळख चार वाक्यांत करून देता येत नाही, अशी मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. धडे पाठ, तोंड मात्र बंद. शाळेची तीन वर्षं म्हणजे फक्त पाया. म्हणून नववीच्या आसपास तिला डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए-वन, म्हणजे सुरुवातीची पातळी, द्यायला लावा. त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला 25 गुण असतात, त्यामुळे बोलणं टाळता येत नाही. प्रमाणपत्राला मुदतही नसते. कामाच्या ठिकाणी किंवा फ्रान्समध्ये शिकताना साधारण बी-टू, म्हणजे त्याच परीक्षेची बरीच वरची पातळी, लागते. तिथवर जायला दहावीनंतरही भाषा चालू ठेवावी लागेल.

अभ्यास तुम्ही घ्यायची गरज नाही. संध्याकाळी भाजी निवडताना तिला शेजारी बसवा आणि धडा मोठ्याने वाचायला सांगा. आधी तिने त्याचं रेकॉर्डिंग ऐकलेलं असू दे, कारण फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं पुष्कळदा लिहितात पण उच्चारत नाहीत. वाचून झालं की एवढंच विचारा : ‘यात काय म्हटलंय, मला मराठीत सांग.’