ड्राफ्ट की फ्री एजन्सी? वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मिशिगनमध्ये नोव्हीला राहतो. मुलगा एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डेट्रॉइट पिस्टन्सचा कट्टर फॅन. 2023-24 ला टीम सलग 28 मॅच हरली तेव्हा पोरगं रोज रडवेलं होऊन झोपायचं, आणि पुढच्याच सीझनला डायरेक्ट प्लेऑफ! तो म्हणतो ही सगळी ड्राफ्टची कमाल. ऑफिसमधले जुने लोक म्हणतात की 2004 ची चॅम्पियन टीम बाहेरून माणसं आणूनच उभी केली होती, ड्राफ्टचं काय घेऊन बसलात. कोण बरोबर?

उत्तर : दादा, दोघंही बरोबर आहेत, पण मुलगा जरा जास्त. आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कॉलेजातून किंवा परदेशातून येणाऱ्या नव्या पोरांची वर्षातून एकदा निवड होते तो ड्राफ्ट, त्यात हरलेल्या टीम्सचा नंबर आधी. आणि कॉन्ट्रॅक्ट संपलेला प्लेअर स्वतःच्या मर्जीने टीम निवडतो ती फ्री एजन्सी. आता सगळी गोम त्या 'मर्जी'त आहे. शॅकील ओनील 1996 ला लॉस एंजेलिसला गेला, लेब्रॉन जेम्स 2010 ला मायामीला आणि 2018 ला लॉस एंजेलिसला. समुद्र, ऊन, आधीच नाव असलेली टीम. जानेवारीत गोठणाऱ्या डेट्रॉइटला ऐन भरातला सुपरस्टार आपणहून आलाय असं मला तरी एकही उदाहरण आठवत नाही. ड्राफ्टमध्ये मात्र पोराला विचारत नाहीत, टीमने नाव घेतलं की तो तुमचा. पहिल्या राउंडमध्ये घेतलेल्याचा पगारही नंबरवरून ठरलेला असतो, चार वर्षांचा हिशोब, आणि त्यानंतर दुसऱ्या टीमने ऑफर दिली तरी तेवढेच पैसे मोजून तुम्ही त्याला ठेवून घेऊ शकता. म्हणजे चांगला निघाला तर सात-आठ वर्षं तो तुमच्याकडेच, आणि त्यातली पहिली चार स्वस्तात.

आता डेट्रॉइटने उलटं केलं तेव्हा काय झालं ते बघा. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये चॉन्सी बिलप्सला देऊन ॲलन आयव्हर्सनला आणलं, त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं म्हणून. उन्हाळ्यात पैसे मोकळे झाले आणि ते 2009 ला बेन गॉर्डन आणि चार्ली व्हिलानुएव्हावर घातले, दोघांना पाच-पाच वर्षांची कॉन्ट्रॅक्ट्स. आदल्या सीझनला 39 विजय होते ते 27 वर आले आणि पुढे 2016 पर्यंत प्लेऑफचं तोंड बघितलं नाही. मधे 2013 ला जॉश स्मिथला चार वर्षांचे 54 मिलियन डॉलर, आणि दीड वर्षात त्याला सोडून दिलं, उरलेले पैसे मात्र पुढे कितीतरी वर्षं हप्त्याने भरत बसले. हे प्लेअर वाईट होते असं मी म्हणणार नाही, खिशात पैसे आहेत म्हणून बाजारात गेलं आणि जे मिळालं ते मुख्य माणूस म्हणून आणलं, चूक ही होती.

तुमच्या ऑफिसातल्या लोकांची 2004 ची टीम माझीही लाडकी आहे. फायनलला शॅकील ओनील आणि कोबी ब्रायंट असलेल्या लॉस एंजेलिस लेकर्सना 4-1 ने लोळवलं होतं. पण ती माणसं कोण होती ते बघा ना. बिलप्स 2002 ला फ्री एजंट म्हणून आला तोपर्यंत टीम-टीम फिरून दमलेला, बेन वॉलेसला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं आणि डेट्रॉइटचा ग्रँट हिल ऑर्लँडोला गेला त्या व्यवहारात 2000 ला तो इकडे आला, रिप हॅमिल्टन आणि रशीद वॉलेस ट्रेडमधून, म्हणजे टीम्समधल्या अदलाबदलीतून, मुख्य पाचांत टेशॉन प्रिन्स एकटा ड्राफ्टचा, तोही 23 वा. म्हणजे त्यांनी सुपरस्टार विकत घेतलेच नाहीत, दुसऱ्यांनी कमी लेखलेली माणसं बरोबर हेरली, आणि ती नजर पैशाने मिळत नाही. त्याच मॅनेजमेंटने 2003 ला दुसऱ्या नंबरवर डार्को मिलिचिचला घेतलं आणि त्याच्या मागून कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश, ड्वेन वेड गेले, हेही सांगायला पाहिजे. तेव्हा ड्राफ्ट म्हणजे खात्रीचा माल असं मुलाला सांगू नका. 2020 ला सातव्या नंबरवर किलियन हेज घेतला, तो चालला नाही, आणि बाराव्या नंबरवर गेलेला टायरीस हॅलिबर्टन 2025 ला इंडियानाला फायनलपर्यंत घेऊन गेला.

मग 14 विजयांवरून 44 वर उडी कशी? केड कनिंगहॅम 2021 च्या ड्राफ्टचा पहिला पिक (म्हणजे पहिली निवड), जेलन डुरेन, ऑसार थॉम्पसन वगैरे पोरं आधीच होती. 2024 च्या उन्हाळ्यात कोच बदलला, टोबायस हॅरिस दोन वर्षांसाठी, मलिक बीझली फक्त एका वर्षासाठी आणि टिम हार्डवे ज्युनियर ट्रेडमध्ये आला. लांब पल्ल्याची महागडी कॉन्ट्रॅक्ट्स नाहीत, पोरांच्या आजूबाजूला नेम असलेली मोठी माणसं उभी केली बस. बीझलीने एकट्याने त्या सीझनला 319 थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन पॉइंटचे बास्केट) मारले, साहजिकच केडला आत घुसायला वाट मोकळी झाली. त्यामुळे माझं मत पक्कं आहे, मुख्य माणूस ड्राफ्टमधून आणि मग त्याला साजेशी माणसं फ्री एजन्सीतून, हाच क्रम. डेट्रॉइटसारख्या गावाला दुसरा रस्ता फारसा नाही.

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला शाळेच्या टीममधून खेळते, तिने विचारलंय की ड्राफ्टला वय किती लागतं आणि आपल्याकडचा कोणी निवडला गेलाय का?

उत्तर : ड्राफ्टच्या वर्षात 19 पूर्ण व्हायला हवीत. आणि हो, पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग भमारा, 2015 ला डॅलसने 52 व्या नंबरवर घेतलेला. एनबीएची मॅच मात्र त्याला खेळायला मिळाली नाही. मुलीला सांगा, हा नियम पुरुषांच्या लीगचा, महिलांच्या डब्ल्यूएनबीएचा ड्राफ्ट वेगळा असतो.

प्रश्न : मी पुण्याहून पहाटे उठून मॅच बघतो. पहिला पिक मिळावा म्हणून टीम मुद्दाम कमकुवत ठेवणं बरोबर आहे का? आयपीएलमध्ये तळाला राहून असं काही मिळत नाही.

उत्तर : मला अजिबात पटत नाही, आणि त्यातून मिळतं तरी काय? पहिला पिक कोणाला ते लॉटरीने, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखं, ठरतं. तळाच्या तीन टीम्सना 2019 पासून पहिल्या पिकची प्रत्येकी 14 टक्केच शक्यता असते, आधी शेवटच्या टीमला 25 होती. डेट्रॉइट 2023 आणि 2024 अशी दोन्ही वर्षं लीगमध्ये सगळ्यात शेवटी होतं आणि दोन्ही वेळा लॉटरीत पाचवा नंबर आला. 2023 चा पहिला पिक व्हिक्टर वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला. फिलाडेल्फियाने 2013 पासून तीन सीझन हेच धोरण चालवलं, 19, 18 आणि शेवटी 10 विजय. जोएल एम्बीड मिळाला, तो 2023 ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) झाला, पण त्याला घेऊन टीम प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडच्या पुढे काही गेली नाही. ओक्लाहोमा सिटी पण दोन वर्षं तळाला होती, फरक असा की त्यांचा मुख्य माणूस शे गिल्जस-अलेक्झांडर हा हरून मिळालेला नव्हताच. 2019 ला पॉल जॉर्जला लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या टीमकडे, क्लिपर्सकडे, दिलं त्या ट्रेडमध्ये तो आला, सोबत पहिल्या राउंडचे पाच पिक, त्यातल्याच एकातून जेलन विल्यम्स. चेट होल्मग्रेन ड्राफ्टचा, आयझाया हार्टेनस्टाइन 2024 ला फ्री एजन्सीतून, तोही बाकी टीम तयार झाल्यावर. 2025 ला 68 विजय आणि चॅम्पियन.

आणि रोज हरणाऱ्या टीममध्ये 19-20 वर्षांच्या पोरांवर काय गुजरत असेल याचा विचार कोण करतं? डेट्रॉइटचं घरचं पब्लिक 'टीम विका' म्हणून ओरडत होतं आणि ही पोरं कोर्टवर होती. ते 28 पराभव 30 डिसेंबर 2023 ला टोरंटोला हरवून थांबले. एप्रिल 2025 ला न्यूयॉर्कमध्ये जाऊन त्यांनी निक्सला हरवलं, 2008 नंतर पिस्टन्सचा प्लेऑफमधला पहिला विजय. सिरीज 4-2 ने गेली, पण ती मॅच तुम्ही पहाटे उठून बघितली असेल अशी आशा आहे.