पहिल्या पावसाळ्याआधी एवढं बघ

भावा, खानापूर भागात शेळ्या चालू करतोयस म्हणजे खरी परीक्षा पावसाळ्यात, उन्हाळ्यात काय कुणाच्याबी जगतात. जातीचं, बोकडाचं नंतर बोलू. एकदम मोठा कळप नको, आपल्याच भागातल्या चार-पाच घे, आणि बाजारातनं आणलेली शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांध, लगेच कळपात सोडतात तिथंच निम्मी लोकं फसतात.

१. मृग नक्षत्र लागायच्या आधी आंत्रविषारची (आतड्यात विष होऊन शेळी पटकन मरते त्या रोगाची) लस आणि जंताचं औषध, पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, राहिली असली तर तीबी, जनावरांच्या दवाखान्यात विचार.
२. बसायला फळ्यांचा उंच माच कर, फटीतनं लेंड्या खाली पडल्या पाहिजेत, ओल्यात बसली की खूर गेलेच.
३. सकाळी गवत ओलं असताना सोडू नको, जंताची पिल्लं तवाच शेंड्यावर चढलेली असतात.

खालची पापणी ओढून बघायची सवय लाव, लालसर असली तर बरं, पांढरीफटक दिसली की जंत रक्त पितायत, डॉक्टरला दाखव. नवीन माणूस काय करतो, शेळी खंगली की मका वाढवतो आणि पोट फुगवून घेतो.

आणि कापलेल्या जोंधळ्याच्या कोवळ्या फुटव्यात शिरू देऊ नको, विषबाधा होते, डॉक्टर यायच्या आत जनावर जातंय.