अजातशत्रू : ज्याला शत्रू नाही तो, की जन्माआधीच शत्रू ठरलेला?

एका वाचकाने विचारले आहे की, ज्याचे कोणाशीही वैर नाही अशा माणसाला मराठीत आपण ‘अजातशत्रू’ म्हणतो. मग ज्या तरुण राजाने बापाला कैदेत टाकून मगधाची गादी मिळवली आणि त्याला उपाशी मारले, त्याचेच नाव अजातशत्रू कसे? हे नाव त्याला उपरोधाने मिळाले, की शब्दाचा मूळ अर्थ वेगळा असून आपणच तो चुकीचा रूढ केला? त्याच पत्रात आणखी एक प्रश्न आहे : या राजाच्या कृत्याला ‘फितुरी’ म्हणणे योग्य होईल काय? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

मराठीत रूढ असलेला अर्थ चुकीचा नाही, उलट तोच सर्वांत जुना आहे. ‘न जातः शत्रुः यस्य सः’, म्हणजे ज्याचा शत्रू जन्मलेला नाही तो, असा हा बहुव्रीही समास आहे. ऋग्वेदात हे विशेषण इंद्राला लावलेले आढळते (५.३४.१). तेथे त्याचा अर्थ ‘सर्वांशी गोडीने वागणारा’ असा नसून ‘ज्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी निपजलाच नाही असा’ आहे, आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सौम्य स्वभावाची छटा या शब्दाला मुख्यतः महाभारतामुळे चिकटली असावी, कारण तेथे अजातशत्रू हे युधिष्ठिराचे नाव आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात गार्ग्य बालाकीला ब्रह्मविद्या समजावून सांगणारा काशीचा राजाही अजातशत्रूच. त्याचा मगधाच्या राजाशी संबंध नाही. एवढ्यावरून दिसते की हे राजघराण्यात ठेवण्याजोगे एक शुभ नाव होते, आणि मगधाच्या बिंबिसार राजाने आपल्या मुलाचे नाव तसे ठेवले असेल तर त्यात आश्चर्य काहीच नाही.

मग दुसरा अर्थ आला कोठून? तो पाली अट्ठकथांमधून, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरील टीकांमधून आला. पालीत या राजाचे नाव ‘अजातसत्तु’ असे आहे आणि बुद्धघोष या टीकाकाराच्या नावावर असलेली दीघनिकायाची (बुद्धाच्या दीर्घ उपदेशांच्या संग्रहाची) अट्ठकथा त्याची फोड अशी करते की, जन्मण्यापूर्वीच हा राजाचा शत्रू होणार असे ज्योतिषांनी सांगितले, म्हणून तो अजातसत्तु. म्हणजे ‘अजात असतानाच शत्रू’. राणी गरोदर असताना तिला राजाच्या दंडातले रक्त पिण्याचे डोहाळे लागले, राजाने ते आनंदाने काढून दिले, ज्योतिषांनी भाकीत केले, राणीने गर्भ पाडण्याचा प्रयत्न केला आणि राजानेच तिला अडवले, अशी ती कथा आहे.

येथे व्याकरणाच्या दृष्टीने फार सुंदर गोष्ट घडली आहे. शब्दातले एक अक्षरही बदललेले नाही. बहुव्रीहीचा कर्मधारय झाला आणि अर्थ उलटा झाला. बहुव्रीहीत शत्रू हा दुसरा कोणी असतो, आणि तो नसतो. कर्मधारयात शत्रू म्हणजे ज्याचे नाव आहे तोच. वैदिक भाषेत असा घोटाळा कानाला लगेच कळला असता. बहुव्रीहीत पूर्वपदाचा मूळ स्वर, म्हणजे उच्चारातील चढउतार, कायम राहतो असे पाणिनीचे सूत्र आहे (६.२.१), आणि ऋग्वेदातील ‘अजातशत्रु’ या शब्दाचा उदात्त (उंच स्वर) त्याप्रमाणे पहिल्याच अक्षरावर आहे. याच ‘शत्रु’ पदाचा दुसरा समास तर या बाबतीत प्रसिद्धच आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’ असे म्हणत आहुती दिली. त्याला अभिप्रेत होता तत्पुरुष, म्हणजे इंद्राचा वध करणारा, पण स्वर चुकला आणि बहुव्रीही झाला, म्हणजे इंद्र ज्याचा वध करील तो. तो पुत्र म्हणजे वृत्र, आणि तो मारला गेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच ‘यथेन्द्रशत्रुः स्वरतोऽपराधात्’ असा दाखला देऊन शुद्ध उच्चाराचे महत्त्व सांगितले आहे. पालीत स्वर उरले नव्हते, मराठीत तर नाहीतच. त्यामुळे ‘अजातशत्रू’ या शब्दाचा कोणता समास घ्यायचा हे आपण संदर्भावरूनच ठरवतो.

अट्ठकथेतील व्युत्पत्ती ही नावाची खरी उत्पत्ती आहे, असे मला वाटत नाही. ज्या बापाने ते भाकीत ऐकूनही गर्भ वाचवला, तो आपल्या मुलाला जन्मभर ‘वैरी’ अशी हाक मारील हे पटण्यासारखे नाही. कृत्य आधी घडले आणि नंतर नावात त्याची खूण शोधली गेली, हा क्रम मला अधिक स्वाभाविक वाटतो. जैन परंपरेत हाच राजा ‘कूणिक’ आणि त्याचा बाप ‘श्रेणिक’ या नावाने येतो. तेथेही नावामागे कथा आहेच : जन्मताच आईने त्याला उकिरड्यावर टाकले, तेथे कोंबड्याने चोच मारल्याने त्याचे बोट अधू झाले, म्हणून कूणिक. दोन्ही परंपरांना या राजाचे नाव नुसते नाव म्हणून सोडून देणे जमलेले नाही, आणि मला तर या कथांची मोठी किंमत याच कारणाने वाटते.

आता कृत्याच्या नावाविषयी. ‘फितुरी’ हा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला शब्द मराठीत फार नेमका आहे आणि त्याची नेमकी धार टिकवली पाहिजे. फितुरीला तीन बाजू लागतात : धनी, धन्याचा माणूस आणि त्याला आपल्याकडे ओढणारा शत्रू. किल्ल्याचा पहारेकरी बाहेरच्या फौजेला दरवाजा उघडून देतो ती फितुरी. मुलगा बापाची गादी स्वतःसाठी घेतो तेव्हा ही तिसरी बाजू नसते, म्हणून ती फितुरी नव्हे. मात्र ‘फितवणे’ हे क्रियापद येथे चपखल बसते, कारण अजातशत्रूला देवदत्ताने, म्हणजे बुद्धाची जागा घेऊ पाहणाऱ्या भिक्षूने, फितवले. विनयपिटकातील (भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातील) चुल्लवग्ग या भागात देवदत्त त्याला म्हणतो की पूर्वी माणसे दीर्घायुषी असत, आता अल्पायुषी आहेत, तेव्हा तू कुमार असतानाच मरशील असा संभव आहे. म्हणून तू बापाला मारून राजा हो आणि मी बुद्धाला मारून बुद्ध होतो. ‘कुमार’ या शब्दाचे राजपुत्र आणि कोवळ्या वयाचा मुलगा हे दोन्ही अर्थ देवदत्ताने एका वाक्यात वापरून घेतले आहेत, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

‘गादी बळकावली’ हा शब्दप्रयोगही पुरता जुळत नाही. चुल्लवग्गानुसार तो मांडीला खंजीर बांधून भर दिवसा अंतःपुरात शिरला, पण भेदरलेला पाहून अमात्यांनी त्याला पकडले. बापाने विचारले, मला का मारायचे आहे? तो म्हणाला, मला राज्य हवे आहे. तेव्हा राज्य हवे असेल तर हे घे, असे म्हणून बिंबिसाराने राज्य त्याच्या स्वाधीन केले. कैद आणि उपासमार हा अट्ठकथेतील पुढचा भाग आहे. म्हणजे बापाने क्षमा केली, राज्य दिले, आणि त्यानंतर मुलाने त्याला मारले. हा क्रम धरला तर ‘बंड’ हा शब्द बाद होतो, कारण ज्याच्याविरुद्ध बंड करायचे तो आता राजाच नव्हता. ‘दगा’ चालेल, पण दगा क्षणाचा असतो, तो लढाईत किंवा सौद्यात होतो. ‘विश्वासघात’ अधिक योग्य आहे, कारण येथे आधी विश्वास ठेवला गेला आणि मग त्याचा घात झाला. ‘पितृद्रोह’ हा त्याहून जड शब्द आहे. ‘द्रुह्’ या धातूत वाईट करण्याचा मनातला हेतूही येतो, आणि खंजीर बांधला तेव्हापासूनची सारी वाटचाल त्या एका शब्दात मावते.

तरीही मला एकच शब्द निवडायला सांगितला तर मी ‘कृतघ्न’ निवडीन. आज हा शब्द आपण आभार न मानणाऱ्यालाही लावतो, पण त्याचा मूळ अर्थ ‘केलेले मारणारा’ असा आहे. अट्ठकथा सांगते की बापाचा मृत्यू झाला त्याच दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला आणि दोन्ही वार्तांची पत्रे एकाच वेळी आली. अमात्यांनी पुत्रजन्माचे पत्र आधी दिले. ते वाचताच त्याला अंगभर वात्सल्य दाटून आले आणि माझ्या जन्माच्या वेळी बापालाही असेच वाटले असेल, असे मनात येऊन त्याने बापाला सोडण्याची आज्ञा दिली. मग दुसरे पत्र त्याच्या हाती देण्यात आले. तो रडत आईकडे गेला. आईने सांगितले की लहानपणी तुझ्या बोटाला गळू झाले होते, रडणे थांबेना म्हणून तुला न्यायसभेत बसलेल्या राजाकडे नेले, त्याने तुझे बोट तोंडात धरले, गळू तोंडातच फुटले, आणि तुझ्यावरील मायेने त्याने ते थुंकलेही नाही, गिळून टाकले. कृतघ्न या शब्दातील ‘कृत’ म्हणजे काय, हे याहून स्पष्ट सांगता येईल असे मला वाटत नाही.

या राजाच्या मनाची घालमेल ज्याला शब्दांतून पाहायची असेल त्याने दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्त अवश्य वाचावे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री जीवक वैद्य त्याला आपल्या आमराईत बुद्धाकडे नेतो. तेथे १२५० भिक्षू बसलेले आहेत, असे त्याला सांगितलेले असते. पण आमराई जवळ येते तरी खोकल्याचासुद्धा आवाज येत नाही, आणि राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. तो जीवकाला एकामागून एक तीन प्रश्न विचारतो : ‘न वञ्चेसि?’, ‘न पलम्भेसि?’, ‘न पच्चत्थिकानं देसि?’ तू मला फसवत तर नाहीस, मला चकवत तर नाहीस, मला वैऱ्यांच्या हाती देत तर नाहीस? पहिल्या क्रियापदातील ‘वंचना’ मराठीत सरळ आहे. दुसऱ्यातील ‘प्रलंभ’ आपल्याकडे विप्रलंभ शृंगारात उरला आहे. तेथे आता विरह एवढाच अर्थ राहिला असला तरी संकेतस्थळी प्रियकर न आल्याने फसलेली नायिका ती ‘विप्रलब्धा’, या संज्ञेत मूळची फसवणूक अजून शाबूत आहे. तिसऱ्या प्रश्नातील ‘पच्चत्थिक’ म्हणजे प्रत्यर्थी, विरोधी पक्ष. ज्याला आपण वर फितुरी म्हटले, तिची भीती या राजाच्या तोंडून येथे पहिल्यांदा बाहेर पडते. ज्याने विश्वासाचा घात केला त्याला आता शांततेचाही विश्वास वाटत नाही. जीवक त्याला उत्तर देतो की भिऊ नका महाराज, त्या मंडपात दिवे जळत आहेत, पुढे चला.

त्याच सुत्ताच्या शेवटी त्याची कबुली येते, आणि तिची वाक्यरचना मला नेहमी थांबवते. ‘अच्चयो मं, भन्ते, अच्चगमा’, अशी ती सुरू होते. ‘अच्चय’ म्हणजे अत्यय, मर्यादेचे उल्लंघन. या वाक्यात कर्ता तो अत्यय आहे आणि राजा कर्म आहे. ‘अपराधाने मला ग्रासले’, असे काहीसे. मराठीत आपण ‘माझ्या हातून चूक घडली’ म्हणतो, तेव्हा हेच करतो : चूक पुढे होते आणि आपण मागे सरतो. पण राजा तेथे थांबत नाही. मी अजाण होतो, मूढ होतो, असे म्हणून तो पुढच्याच उपवाक्यात ‘योहं’ म्हणतो, म्हणजे ‘ज्या मी’. धार्मिक, धर्मराज अशा पित्याला ‘इस्सरियस्स कारणा’, म्हणजे सत्तेसाठी, जिवे मारले. क्रियापद प्रथमपुरुषी आणि कर्तरी आहे. एकाच वाक्यात तो दोष आधी अपराधावर टाकतो आणि मग स्वतःवर घेतो. मराठी अनुवादात पुष्कळदा दोन्ही उपवाक्ये कर्मणी केली जातात आणि ही ओढाताण नाहीशी होते. ‘माझ्याकडून अपराध घडला, ज्या मी पित्याला मारले’ ही रचना जरा अवघडलेली वाटली तरी तीच ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

लेखनाविषयी एवढेच की मराठीत अखेरचा उकार दीर्घ, ‘अजातशत्रू’. संस्कृत वचन उद्धृत करताना मात्र ऱ्हस्व.

पुन्हा समासाकडे येतो. त्या आमराईत शांत बसलेला भिक्षुसंघ पाहून राजाच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो असा की, माझ्या उदयभद्द कुमाराला अशीच शांती लाभो. हा उदयभद्द म्हणजे तोच मुलगा, ज्याच्या जन्माचे पत्र आजोबांच्या मृत्यूच्या पत्राबरोबर आले होते. श्रीलंकेच्या महावंस या पाली इतिवृत्तानुसार पुढे त्यानेच अजातशत्रूचा वध केला. त्याच्यानंतरही त्या घराण्यात मुलगा बापाला मारून राजा होत राहिला, आणि शेवटी हा ‘पितुघातकवंस’ आहे असे म्हणत संतापलेल्या नागरिकांनी शेवटच्या राजाला घालवून सुसुनागाला गादीवर बसवले. ‘न जातः शत्रुः यस्य’ हा विग्रह सोडवताना आपण ‘ज्याचा शत्रू जन्मलेला नाही’ असे म्हणतो. ‘ज्याचा शत्रू अजून जन्मलेला नाही’ असे म्हटले तरी विग्रह तितकाच शुद्ध राहतो, आणि ती दोन पत्रे येईपर्यंत या राजाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता.