पन्नाशीनंतर घाटातली सायकल आणि हिल मॅरेथॉन, दोन्ही जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की वय 54, रविवारी साताऱ्याहून कासपर्यंत सायकल, मंगळवारी जोरात पळणं, आणि पाय कायम जड. मी 57चा आहे, कासच्याच वाटेवरचा यवतेश्वर घाट सायकलवरही चढतो आणि पळतही. माझ्या मते घोळ घाटात नाही, विश्रांतीत आहे. कासची चढण पायांतून निघायला मला तरी आता तीन दिवस लागतात. म्हणून जोराचं पळणं गुरुवारी न्या. मधे एकदा सपाटीवर हळू पळा, गप्पा मारता येतील इतकंच.

सायकलनं दमसास वाढतो, पण उतारावर पळायची तयारी होत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या 21.1 किलोमीटरमध्ये खरी परीक्षा परतीच्या उतारावर आहे. तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलतात. सायकलवर हे जवळपास होतच नाही. पंधरा दिवसांतून एकदा मुद्दाम उतारावर पळा, पावलं छोटी ठेवून. घाटात हलका गिअर लावा, गुडघ्यांवरचा भार कमी होईल. स्पर्धेआधी दोन आठवडे कास बंद. जिवावर येईल, तरी कराच. आणि हृदयाची तपासणी झाली नसेल तर आधी डॉक्टरांना भेटा.